खारीचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी

सोलापुरात एप्रिलच्या अखेरीस वळवाचे वारे सुटले, की कडुनिंबाच्या आणि चिंचेच्या मोडलेल्या फांद्यांबरोबर खारींची घरटीही खाली येतात आणि बोटभर लांबीची, डोळे न उघडलेली पिले कुणाच्या तरी अंगणात, पत्र्यावर किंवा गटाराच्या कडेला सापडतात. त्याच सुमारास विजेच्या तारांना अडथळा ठरणाऱ्या फांद्यांची पावसाळ्यापूर्वीची छाटणीही चालू असते आणि तिच्यातही अशी घरटी जातात. खार पाळावी की न पाळावी, हा प्रश्न आपल्या शहरात दुकानात जाऊन विचारला जात नाही. तो बहुतेक वेळा असा झाडावरून खाली पडून माणसाच्या ओंजळीत येतो. त्यामुळे हौस किती आणि खर्च किती, एवढ्याच हिशेबाने त्याचे उत्तर देता येत नाही. पिल्लू उचलणाऱ्याच्या मनात दया असते, घरातली मुले त्याच्याभोवती जमतात, त्याला नाव ठेवले जाते, आणि चार दिवसांसाठी आणलेला जीव कुणी ठरवल्याशिवायच पाळीव होऊन बसतो. खार पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु जीव वाचवण्यासाठी सांभाळणे कुठे संपते आणि पाळणे कुठे सुरू होते, हे ज्याला सांगितलेलेच नाही, त्याला केवळ ‘पाळू नका’ असे बजावून काहीही साधणार नाही, हेही मला तितकेच ठामपणे वाटते.

आपल्याकडे दिसणाऱ्या खारी मुख्यतः दोन जातींच्या असतात. पाठीवर तीन पट्टे असलेली खार प्रामुख्याने दक्षिणेकडे आढळते, तर पाच पट्ट्यांची उत्तर आणि मध्य भारतात. सेतू बांधताना वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटे फिरवली, ही कथा घरोघरी सांगितली जाते आणि खारीला उगाच मारू नये हा संस्कार त्यातून पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. मात्र तिला मारू नये हे जसे आपल्या अंगवळणी पडले आहे, तसे तिला डांबू नये हे पडलेले नाही.

कायद्याची बाजू आधी पाहिली पाहिजे, कारण बहुसंख्य लोकांना ती ठाऊकच नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा केवळ वाघ-बिबट्यांसाठी नाही. पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव मूळ कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातच होते. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. या कायद्यात शिकार या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. बंदूक चालवणे किंवा विष घालणे तर त्यात आलेच, पण संरक्षित प्राण्याला पकडणे आणि सापळ्यात अडकवणे हेही शिकारीतच मोडते. नियम मोडून ताब्यात ठेवलेला वन्यप्राणी कायद्याच्या दृष्टीने सरकारची मालमत्ता ठरतो आणि असा प्राणी ज्याच्या हाती आला असेल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याला कळवणे कलम ३९ नुसार आवश्यक असते. कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा पोपटही याच कायद्याने संरक्षित आहे; तो सर्रास दिसतो म्हणून त्याला कोंडणे कायदेशीर ठरत नाही, आणि खारीचेही तसेच आहे.

तरीही केवळ कायद्याच्या धाकावर हा विषय संपवणे मला योग्य वाटत नाही. दंडाच्या भीतीने माणूस पिल्लू लपवून ठेवतो, डॉक्टरांकडे नेत नाही आणि शेजाऱ्यालाही सांगत नाही. त्यात पिलाचेच नुकसान होते. खार पाळू नये याची खरी कारणे तिच्या शरीरात आणि स्वभावात आहेत, आणि तीच अधिक तपशिलाने समजून घेतली पाहिजेत.

पहिला प्रश्न दुधाचा. सापडलेल्या पिलाला कापसाच्या बोळ्याने किंवा ड्रॉपरने गाईचे दूध पाजायचे, ही आपल्याकडची सहज प्रतिक्रिया आहे आणि बरीच पिले याच मायेपोटी दगावतात. थंड पडलेल्या पिलाचे पोट काम करत नाही; त्याला आधी हळूहळू ऊब द्यावी लागते, मग शरीरातील पाण्याची तूट भरून काढावी लागते आणि त्यानंतरच दुधाचा विचार करायचा असतो. गाईचे दूध त्याला सोसत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा देहातले पाणी गेले की पिल्लू हाती लागत नाही. उताणे धरून घाईने पाजलेला थेंब श्वासनलिकेत जातो आणि फुप्फुसात संसर्ग होतो. शिवाय डोळे न उघडलेल्या पिलाला स्वतःहून लघवी किंवा शीही करता येत नाही; आई त्याला चाटून ती करवते, आणि आई नसेल तर प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापसाने हलकेच पुसून ते काम माणसाला करावे लागते. हे ठाऊक नसलेल्या घरात पिल्लू पोट फुगून मरते आणि नेमके काय चुकले हे घरच्यांना अखेरपर्यंत कळत नाही.

यातून जगलेल्या खारीपुढे दुसरे संकट उभे असते आणि ते विशेषतः आपल्या जिल्ह्यात समजावून सांगितले पाहिजे. सोलापूरच्या घरात शेंगदाणा नाही असे कधी होत नाही. चटणीपासून आमटीपर्यंत सगळीकडे तो असतो आणि खारीपुढे मूठभर दाणे टाकले की ती दोन पायांवर बसून, पुढच्या हातांत एकेक दाणा फिरवत अशी काही खाते, की पाहणाऱ्याला तिचे हेच खरे अन्न आहे असे वाटावे. पण शेंगदाण्यात फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमच्या सुमारे चौपट असते. वाढत्या वयाच्या खारीला दाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि मका एवढ्यावरच ठेवले, की शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी ते हाडांतून ओढून घेऊ लागते. घरात कोंडलेल्या खारीला पुरेसे ऊनही मिळत नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमी पडते आणि खाल्लेले थोडेफार कॅल्शियमही अंगी लागत नाही. काही महिन्यांत ती उड्या मारेनाशी होते, मागचे पाय ओढत चालते, किरकोळ पडण्याने हाड मोडते आणि पुढे झटके येऊ लागतात. घरच्यांना वाटते, कुणीतरी नजर लावली किंवा तिला थंडी बाधली; प्रत्यक्षात मायेने टाकलेल्या दाण्यांनीच तिची हाडे पोकळ केलेली असतात. झाडावरच्या खारीला हा आजार होत नाही, कारण ती दिवसभरात फळे, बिया, कोवळे कोंब, फुले, साल आणि किडे असे नाना तऱ्हेचे खाते, प्रसंगी पक्ष्यांची अंडीही पळवते. एवढी विविधता स्वयंपाकघरातून रोज पुरवणे जवळपास अशक्य आहे.

दातांचे दुखणे वेगळे. खार हा कुरतडणारा प्राणी असून तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कठीण वस्तू कुरतडून ते झिजले नाहीत, तर वाढून तोंडात रुततात आणि तिला खाणेच अशक्य होते. म्हणून घरातली खार विजेच्या वायरी, फ्रिजचे रबर, गाद्या-उशा आणि कपाटाचे दरवाजे कुरतडते. हा तिचा खोडकरपणा नव्हे. ते तिच्या शरीराचे मागणे आहे. वायर कुरतडताना धक्का बसून ती मरते, आणि वायर उघडी पडल्याने घरातल्या माणसांच्या जिवालाही धोका होतो.

लहानपणी खिशात झोपणारी खार वयात आल्यावर तशीच राहील, या समजुतीला कसलाही आधार नाही. आपल्याकडची खार साधारण नऊ महिन्यांची होईपर्यंत प्रजननक्षम होते आणि त्याच सुमारास तिची वागणूक बदलते. ती हद्द राखू लागते, अंगावर येते आणि चावते. तिच्या चाव्याने बोटात खोल जखम होते. खारीसारख्या लहान प्राण्यांकडून माणसाला रेबीज झाल्याच्या नोंदी जवळजवळ नाहीत, हे खरे आहे. तरीही जखम साबणाने भरपूर धुऊन डॉक्टरांना दाखवणे आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारणे आवश्यक आहे. अशा वेळी घरात भीती शिरते, आणि ज्या मुलांनी तिला नाव दिले होते त्यांनाच तिच्यापासून दूर ठेवले जाते. तिची रवानगी पिंजऱ्यात होते. मग तो पिंजरा ठेवायचा कुठे? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात दुपारी माणसालाही बसवत नाही, आणि जेमतेम शंभर ग्रॅम वजनाच्या या प्राण्याला सावली बदलायला दुसरी फांदी नसते. मोकळी खार अशा दुपारी दाट पानांच्या आडोशाला फांदीवर अंग पसरून पडून राहते. पिंजऱ्यातली खार तापलेल्या गजांशीच राहते. ती आजारी पडली तर उपचार मिळणेही कठीण असते, कारण जिल्ह्यातील पशुवैद्यकीय सेवा प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या आणि फार तर कुत्र्या-मांजरांभोवती उभी राहिलेली आहे.

तरीही लोकांना ही कल्पना मोहवते, याचे एक कारण मोबाइलच्या पडद्यावर आहे. चमच्याने खाणारी, टोपी घातलेली, मालकाच्या खांद्यावर बसणारी खार तिथे रोज दिसते. यातल्या बऱ्याच चित्रफिती अमेरिकेतल्या असतात. तिथली करडी खार वेगळ्या जातीची आणि आकाराने बरीच मोठी असते, आणि तिथे प्रत्येक राज्याचा कायदाही निराळा आहे. काही राज्यांत परवान्याने खार ठेवता येते, तर काही ठिकाणी बंदी आहे. त्या देशात खारी पाळण्याची पद्धत अठराव्या शतकापासून आहे आणि तिचे परिणामही तेव्हापासूनच नोंदले गेले आहेत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी इंग्लंडमधील शिपली कुटुंबाला अमेरिकेतून आणवून एक खार भेट दिली होती. मंगो नावाची ती खार पिंजऱ्यातून निसटली आणि कुत्र्याच्या तावडीत सापडून मेली. १७७२ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकलिन यांनी त्या कुटुंबातील जॉर्जियाना या मुलीला सांत्वनाचे पत्र लिहिले आणि त्यात मंगोसाठी मृत्युलेखही रचून पाठवला. माणसाळलेल्या खारीला कुत्र्याचे भय उरत नाही, ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी जितकी खरी होती तितकीच ती आजही आपल्या गल्लीबोळांत खरी आहे.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. न्यूयॉर्क राज्यात सुमारे सात वर्षे एका घरात वाढलेली आणि समाजमाध्यमांवर लाखो लोकांना ठाऊक असलेली ‘पीनट’ नावाची खार ३० ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या पर्यावरण विभागाने जप्त केली, कारण ती ठेवण्यासाठी लागणारा परवाना मालकाकडे नव्हता. कारवाईच्या वेळी ती एका कर्मचाऱ्याला चावली, म्हणून रेबीजच्या तपासणीसाठी तिला मारण्यात आले, आणि तपासणीत तिला रेबीज नसल्याचे निष्पन्न झाले. त्या विभागाची कारवाई निष्ठुर होती असे माझे मत आहे. पण त्याच वेळी हेही मान्य करावे लागेल, की माणसाने कायद्याबाहेर जाऊन केलेल्या प्रेमाची किंमत माणसाने मोजली नाही, ती त्या जिवाने मोजली.

याउलट असे विचारले जाते, की आमच्या घरी खार तीन वर्षे सुखात आहे, दार उघडे असूनही ती जात नाही, मग यात वाईट ते काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो टाळता येणार नाही. मात्र ती जात नाही याचा अर्थ ती सुखी आहे, असा होत नाही. एकट्या वाढलेल्या पिलाने आईकडून झाडावर कसे फिरावे हे पाहिलेले नसते. बोका दिसला की शेपटी झटकत कर्कश ‘चिर्रर्र चिर्रर्र’ ओरडून आसपासच्या सगळ्यांना सावध करायचे असते, शिक्रा घिरट्या घालू लागला की खोडाच्या पलीकडे सरकायचे असते, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. ते जात नाही कारण त्याला जाण्याजोगे जगच उरलेले नसते. जी खार स्वतःच्या झाडावर राहते, गॅलरीतल्या भांड्यातले पाणी पिऊन जाते आणि मनात आले की दोन दिवस फिरकतही नाही, तिची गोष्ट वेगळी आहे. ती पाळलेली खार नव्हे, तो शेजार आहे आणि त्याला माझा कसलाही विरोध नाही. मुलांना भूतदया शिकवण्यासाठी घरात प्राणी हवा, असे म्हणणाऱ्या पालकांनीही हा फरक लक्षात घ्यावा. आवडलेला जीव उचलून घरात ठेवता येतो, एवढेच पिंजऱ्यातली खार मुलाला शिकवते. खिडकीतून एक घरटे पूर्ण होताना पाहणाऱ्या मुलाच्या हाती त्याहून पुष्कळ अधिक लागते.

मग सापडलेल्या पिलाचे काय करावे? सर्वांत आधी त्याला त्याच्या आईची वाट पाहू द्यावी. खारीची आई पडलेले पिल्लू तोंडात धरून नव्या जागी नेते, आणि माणसाचा हात लागला म्हणून ती त्याला टाकते, ही समजूत खरी नाही. पिल्लू जखमी नसेल, तर जुने सुती फडके घातलेल्या उघड्या खोक्यात त्याला ठेवून ते खोके त्याच झाडाला, उन्हापासून आणि मुंग्यांपासून सुरक्षित अशा उंचीवर बांधावे, मांजर आणि कावळ्यांवर लक्ष ठेवावे आणि स्वतः लांब उभे राहावे. आपण खोक्याशी उभे राहिलो तर ती येत नाही. खार दिवसा वावरणारी असल्याने हे सारे उजेडातच व्हायला हवे. अंधार पडेपर्यंत ती आली नाही, किंवा पिल्लू जखमी असले, तर त्याला ऊब देऊन वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे आणि तिथून मिळेल त्या सूचनेप्रमाणे वागावे. इथून पुढे पिलाला माणसाची सवय जितकी कमी लागेल तितके बरे. त्याचे नाव ठेवणे, त्याला हातोहात फिरवणे, त्याच्या चित्रफिती काढणे हे सगळे टाळावे, आणि शक्य असेल तर ते दुसऱ्या पिलांबरोबर वाढेल अशा ठिकाणी द्यावे.

यंत्रमागांच्या या शहरात एक गोष्ट मात्र आणखी बारकाईने पाहावी लागते. पूर्व भागातल्या एका कारखान्याच्या आवारात पडलेले घरटे मी हातात घेऊन पाहिले आहे. त्यात गवत आणि नारळाच्या काथ्याबरोबर कारखान्याबाहेर फेकलेले रंगीत सूत गुंफलेले होते, आणि एका पिलाच्या मागच्या पायाला लाल धाग्याचा इतका घट्ट वेढा पडला होता, की धाग्याखालचा पाय सुजून काळा पडला होता. आईने मऊ म्हणून वेचलेला टाकाऊ धागा वाढत्या पिलाच्या पायाला फास होतो. सुताचा हा कचरा उघड्यावर न टाकता पोत्यात भरून ठेवणे, एवढे कारखानदारांनी केले तरी अनेक पिले वाचतील, आणि त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

प्रशासनाने करायच्या गोष्टीही फार खर्चाच्या नाहीत. शहरातील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि झाड तोडण्यासाठी परवानगी लागते. पण फांद्या छाटणाऱ्या मजुराला घरट्याची फांदी ओळखायला कुणी सांगत नाही. छाटणीच्या कामाच्या आदेशातच घरट्यांची पाहणी करण्याची अट घालावी आणि घरटे असलेली फांदी, धोकादायक नसेल तर, पिले बाहेर पडेपर्यंत राखावी. नागपुरात वन विभागाने जखमी वन्यप्राण्यांसाठी तात्पुरते उपचार केंद्र उभारले आहे. सोलापुरातल्या नागरिकाला रात्री आठ वाजता हातात पिल्लू घेऊन नेमके कुठे जायचे, हे तितक्याच स्पष्टपणे ठाऊक असले पाहिजे. ही माहिती प्रत्येक शाळेच्या आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या फलकावर लिहिलेली असावी.

शेवटचा मुद्दा, ज्यांच्या घरात आज मोठी झालेली खार आहे त्यांचा. हा लेख वाचून किंवा कायद्याला घाबरून त्यांनी तिला एखाद्या पहाटे विजापूर रस्त्यावरच्या वनविहारात नेऊन सोडू नये. कुत्र्याला न भिणारी आणि अन्न शोधता न येणारी ती खार तिथे दोन दिवसही टिकणार नाही. तिला टप्प्याटप्प्याने मोकळ्या हवेची, झाडाची आणि रानातल्या खाण्याची सवय लावता येते का, की तिने आता जाणकारांच्या देखरेखीखालीच राहावे, हा निर्णय वन विभागाने आणि पशुवैद्यांनी घ्यायचा आहे. आणि असा माणूस स्वतःहून पुढे आला, तर त्याच्यावर गुन्हा नोंदवण्याची घाई करण्याऐवजी विभागाने प्राणी आधी ताब्यात घ्यावा, त्याच्या खाण्याची आणि आजारांची माहिती त्या माणसाकडून विचारून घ्यावी, आणि स्वेच्छेने दिलेल्या अशा प्राण्यांबाबत कारवाई होणार नाही, असे जाहीर निवेदन काढून ठेवावे.